आमदार-खासदारांच्या कार्यालयात विद्यार्थी म्हणून काम : कुणी केलंय का?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. मी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातले बहुतेक जण सुट्टीत वकिलांच्या ऑफिसात नाहीतर कंपन्यांच्या लीगल विभागात इंटर्नशिप करतात. मला कायदे जिथे होतात तिकडचं काम बघायचंय, म्हणजे एखाद्या आमदार किंवा खासदाराच्या कार्यालयात. पण जाहिरात कुठेच सापडत नाही. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये विचारलं तर "ओळख असेल तर बघ" एवढंच उत्तर मिळालं. घरी विषय काढला तर बाबांना वाटलं मी पक्षात चाललेय.

अर्ज नक्की कुणाला करायचा? पक्षाचं सदस्य असावं लागतं का? काम काय देतात? आणि मुंबई बरी की दिल्ली? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

मधला_बाक

आधी एक गल्लत सोडवतो, कारण हा विषय निघाला की लोक तीन वेगळ्या गोष्टी एकात कालवतात. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली, २१ ते २६ वयाच्या पदवीधरांसाठी. ती शासनाची आहे. तिथे तू मंत्रालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात बसशील, विधिमंडळाशी थेट संबंध नाही. दुसरी लॅम्प फेलोशिप. दिल्लीच्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चने २०१० पासून चालवलेली. एक फेलो एका खासदाराबरोबर, पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पीय अधिवेशन संपेपर्यंत पूर्ण वेळ काम, मानधनासह. पण तिला पदवी लागते आणि वय २५ च्या आत. म्हणजे तुझ्यासाठी ती अजून दोन वर्षांनी.

राहता राहिला थेट सदस्याला लिहिण्याचा रस्ता. मी एका खासदारांकडे असाच शिरलो होतो, ओळखपाळख काही नव्हती. खासदारांकडे मोठी संशोधन टीम असते हा समज काढून टाक. बहुतेकांकडे एक स्वीय सहायक, एक टायपिंग करणारा आणि मतदारसंघात दोन-तीन माणसं. ही सगळी पत्रं, भेटी आणि फोन यांतच बुडालेली असतात. विधेयक वाचून टिपण काढायला कुणाला सवड नसते. तुला जागा मिळाली तर तिथे मिळेल.

पत्राबद्दल. "मला लोकशाहीची आवड आहे, संधी द्यावी" छापाची पत्रं रद्दीत जातात. संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक सदस्याचे प्रश्न, चर्चेतला सहभाग, समित्या, सगळं उपलब्ध आहे. ज्यांना लिहिणार त्यांचे गेल्या दोन अधिवेशनांतले प्रश्न वाच. समजा ते वारंवार पीकविम्यावर विचारतात, तर पीकविम्यावर एका पानाचं टिपण आणि स्वतः तयार केलेले दोन-तीन प्रश्न पत्राला जोड. पत्र पीएच्या हातात पडणार हे धरूनच लिही. पहिल्या चार ओळींत तू कोण, कधीपासून कधीपर्यंत मोकळी, मराठी-इंग्रजी-हिंदीपैकी कशात लिहू शकतेस, हे आलं पाहिजे. आठवडाभराने नम्रपणे फोन कर.

आणि टीव्हीवर रोज दिसणाऱ्यांच्या मागे लागू नकोस. त्यांच्याकडे गर्दी असते. संसदेत विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य. लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. समितीत मन लावून काम करणारे कितीतरी सदस्य कुणाला माहीतही नसतात. अशांकडे शिकायला जास्त मिळतं.

पक्षाचं सदस्यत्व लागत नाही. मात्र ज्या पक्षाचं नाव बायोडेटात वाचून तुलाच अवघडल्यासारखं होईल, तिथे अर्ज करू नकोस. ते नाव तुला चिकटणारच.

शंकासुर

वर्णन छान आहे. प्रत्यक्षात काय होतं ते मी सांगतो. माझा चुलतभाऊ एका आमदारांकडे "संशोधन सहायक" म्हणून लागला. वाढदिवसाच्या शुभेच्छांची ग्राफिक्स करणं, भाषणाचे व्हिडिओ कापणं आणि लग्नपत्रिकांची यादी ठेवणं, एवढंच संशोधन झालं. पैसे शून्य. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, त्यावर नाव चुकीचं.

हिवाळी

शंकासुर, हे होतं. म्हणूनच जायच्या आधी विचारून घ्यायचं, काम प्रश्न-विधेयकांचं आहे की सोशल मीडियाचं. सरळ विचारलं तर पीए सरळ सांगतात असा माझा अनुभव.

मी विधानसभेच्या एका सदस्यांकडे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात काम केलं. कोरा_कागद, मुंबई की दिल्ली असं विचारलंस त्यात नागपूर राहिलं की! १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन इथे होतं, आणि शिकाऊ माणसासाठी ते सगळ्यात सोयीचं. अधिवेशन छोटं. अख्खं मंत्रालय उचलून इथे आलेलं. आमदार निवास, विधानभवन, मोर्चे, सगळं चालत जाण्याच्या अंतरात.

माझं मुख्य काम लक्षवेधीचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तातडीच्या सार्वजनिक विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायची सूचना. ती लागली की विभागाचं लेखी निवेदन सदस्यांना मिळतं आणि त्यावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात. हे निवेदन हातात पडतं तेव्हा वेळ फार थोडा असतो. मी ते वाचून त्यात काय *नाही* ते शोधायचे. निवेदनात लिहिलेलं असायचं "निधी उपलब्ध करून देण्यात आला आहे". मग वितरित किती झाला? खर्च किती झाला? "समिती गठित करण्यात आली आहे". अहवाल कधी येणार? साहेब सभागृहात शिरायच्या आधी चिठ्ठीवर तीन ओळी लिहून द्यायच्या. तीनच. चौथी ओळ ते वाचत नाहीत.

दुपारनंतर मोर्चांची निवेदनं वाचणं. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, प्रकल्पग्रस्त. मोर्चा अडवतात तिथून शिष्टमंडळं येतात, त्यांची निवेदनं वाचून मागणी कुठल्या विभागाची, आधी शासन निर्णय झालाय का, हे काढून ठेवायचं. विधी महाविद्यालयात हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणखी एक. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा नागपूर अधिवेशनाच्या वेळी राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेते. निवड विद्यापीठांमार्फत होते. तू विधीची आहेस, पण धाग्यावर एमएवाले कुणी असतील तर विभागप्रमुखांना विचारा.

कोरा_कागद

हिवाळीताई, मधला_बाक, मनापासून आभार. विधानपरिषदेतले शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघाचे आमदार कसे? मला शिक्षणाच्या विषयात रस आहे. मी एक प्रश्न लिहून बघितलाय, चुका सांगा :

"राज्यातील मुलींच्या शासकीय वसतिगृहांची अत्यंत दयनीय अवस्था झाली असून विद्यार्थिनींना सोयी मिळत नाहीत, याबाबत शासन गंभीर आहे काय?"

मधला_बाक

परिषदेच्या ७८ जागांपैकी सात शिक्षकांच्या, सात पदवीधरांच्या. शिक्षणात रस असेल तर तिथे जरूर लिही.

प्रश्नाचं मात्र काही खरं नाही. :) "शासन गंभीर आहे काय" याला उत्तर "होय" असं एका शब्दात येईल आणि विषय संपेल. लोकसभेच्या नियमांत तर स्पष्टच आहे, प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, मतप्रदर्शन चालत नाही आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. "दयनीय" हा शब्द सचिवालयच उडवेल. भाषणात वापर हवा तेवढा.

फाईलबंद

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो, आता सेवानिवृत्त. पलीकडच्या बाजूने सांगतो.

तुमचा प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून विभागात येतो, विभागातून कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाकडे. कार्यासनाकडे माहिती असतेच असे नाही. मग आयुक्तालयाला फोन, आयुक्तालयाचा जिल्ह्याला, जिल्ह्याचा तालुक्याला. अधिवेशनाच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत हेच चालते. आता अशा वेळी कार्यासन अधिकारी काय पाहतो? प्रश्नात पकडण्यासारखे काही आहे का. जिल्हा नाही, महिना नाही, पदाचे नाव नाही, शासन निर्णयाचा क्रमांक नाही, तर "हे खरे नाही" लिहिणे सगळ्यात सोपे. पुढच्या सर्व भागांना "प्रश्न उद्भवत नाही". पान पूर्ण.

तुमचाच विषय घेऊन लिहितो :

(१) अमुक जिल्ह्यातील समाज कल्याण विभागाच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहांमध्ये गृहपालांची पदे रिक्त असून एकाच गृहपालाकडे एकापेक्षा अधिक वसतिगृहांचा कार्यभार असल्याचे माहे ऑगस्ट महिन्यात वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, सदर वसतिगृहांची मंजूर प्रवेश क्षमता व गृहपालांच्या मंजूर आणि भरलेल्या पदांची संख्या वसतिगृहनिहाय किती आहे,
(३) असल्यास, रिक्त पदे भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

यात "हे खरे नाही" लिहायचे तर अधिकाऱ्याला धाडस लागेल, कारण पदांची संख्या कागदावर आहे. आणि "वा त्यादरम्यान" हे शब्द विसरू नका. पत्र ३१ ऑगस्टऐवजी १ सप्टेंबरचे निघाले म्हणून प्रश्न खोटा ठरवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

हिवाळी

फाईलबंदकाका, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

मधला_बाक

काकांच्या पोस्टला जोडून थोडं दिल्लीचं. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न असतात, आणि कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर. वीसपैकी तोंडी उत्तरापर्यंत मोजकेच पोचतात. त्यामुळे नव्या इंटर्नला तारांकिताचं फार आकर्षण असतं तसं ठेवू नये. आकडे काढायचे तर अतारांकित उत्तम, लेखी उत्तर, सोबत राज्यनिहाय तक्ता. मी एकाच योजनेवर तीन अधिवेशनांची अतारांकित उत्तरं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यातला लाभार्थ्यांचा आकडा मधेच कमी झालेला सापडला. त्यावरून पुढचा तारांकित तयार झाला. हे काम कुणी सांगून देत नाही, स्वतःच काढायचं असतं.

वेळेचं गणितही लक्षात घे. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. राज्यातही अधिवेशन सुरू व्हायच्या कितीतरी आधी तारांकित प्रश्न द्यायची तारीख टळून जाते. इंटर्न मात्र अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी दप्तर घेऊन हजर. तोवर खरं काम झालेलं असतं. अर्ज अशा बेताने कर की अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधीपासून तू तिथे असशील.

शुक्रवार दुपारचं अशासकीय विधेयकांचं (मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या) काम जमलं तर मागून घे. संसदेत १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेलं नाही. तरी विधी शाखेच्या विद्यार्थ्याला कलमं, उद्देश व कारणे यांचं निवेदन, वित्तीय ज्ञापन, हे सगळं पहिल्यापासून लिहायला मिळतं ते इथेच.

शंकासुर

हे सगळं मान्य. पण महिना-दीड महिना आधी, वर अधिवेशन, असं विनावेतन मुंबई किंवा दिल्लीत राहायचं कुणी? ज्याच्या बापाचा तिथे फ्लॅट आहे त्याने. गावाकडची हुशार मुलं यातून आपोआप गळतात आणि उद्या धोरणं लिहायला तीच फ्लॅटवाली पोरं बसतात. यावर कुणी बोलत नाही.

हिवाळी

बोलायलाच हवं. माझी मावशी नागपूरला नसती तर मला जमलं नसतं. खासदारांना कार्यालयाच्या खर्चासाठी भत्ता मिळतो, पण तो पीए आणि टायपिंगमध्येच जातो, इंटर्नपर्यंत क्वचित पोचतो. तरी प्रवासखर्च तरी द्याल का हे मागायला लाजू नये. मागितल्यावर मिळालेली उदाहरणं आहेत.

दुसरा मार्ग, आपल्याच तालुक्यातलं संपर्क कार्यालय. प्रश्न तयार करायचं काम लॅपटॉपवर कुठूनही होतं, आणि संपर्क कार्यालयात जे दिसतं ते विधानभवनात दिसत नाही. तिथे लोक येतात ते ॲडमिशन, रेल्वेचा इमर्जन्सी कोटा, दवाखाना यांसाठी. तुला नियम माहीत असले तर तू पहिल्या आठवड्यात उपयोगी ठरतेस. उदाहरणार्थ, केंद्रीय विद्यालयातला खासदारांचा कोटा २०२२ मध्ये बंद झाला, तरी पालक अजून पत्र मागायला येतात. त्यांना तसं समजावून पाठवावं लागतं. किंवा धर्मादाय रुग्णालयं : १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. "साहेबांची चिठ्ठी द्या" म्हणणाऱ्या माणसाला चिठ्ठीइतकीच ही माहिती लागते, आणि सोबत कुठली कागदपत्रं न्यायची त्याची यादी. अशा दहा चिठ्ठ्या एकाच रुग्णालयाच्या निघाल्या की तिथे प्रश्नाचा विषय तयार होतो.

शंकासुर

हे शेवटचं पटलं. फुकट काम मात्र अजूनही पटलेलं नाही.

एक_आई

माझी मुलगी पण असंच म्हणतेय. राजकारण्यांच्या कार्यालयात एकट्या मुलीला पाठवायचं म्हणजे भीती वाटते. आजकाल चांगलं वातावरण असतं का?

मधला_बाक

ताई, कार्यालयागणिक फरक असतो, सरसकट सांगता येणार नाही. रुजू होण्यापूर्वी लेखी पत्र घ्या : कामाची जागा, वेळ, कुणाच्या हाताखाली. तिथे महिला कर्मचारी आहेत का, हे मुलीने स्वतः एकदा जाऊन पाहावं. निवासस्थानी रात्रीचं काम नको, हे सुरुवातीलाच सांगावं. त्याने नाराज होणारं कार्यालय सोडून दिलेलंच बरं.

हिवाळी

कायद्याचंही सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, मानधन असो वा नसो. सदस्याच्या कार्यालयात दहापेक्षा कमी माणसं असतात, त्यामुळे अंतर्गत समिती नसते. अशा वेळी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. कॉलेजच्या पत्रातून गेलेलं असेल तर कॉलेजलाही कळवून ठेवावं.

फाईलबंद

गोपनीयतेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. समितीचे कागद अहवाल सभागृहात सादर होईपर्यंत गोपनीय असतात. त्यांचा फोटो काढून मित्रांना पाठवणे हा हक्कभंगाचा विषय होऊ शकतो. सदस्यांच्या पोर्टलचा पासवर्ड कोणी कौतुकाने देऊ केला तरी घेऊ नये. २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात ११ खासदारांची हकालपट्टी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेच्या एका सदस्याची हकालपट्टी झाली, त्या प्रकरणात लॉगिन दुसऱ्याला दिल्याचा मुद्दा होता. प्रश्न तुम्ही तयार करा, भरायचे काम सदस्य आणि त्यांचे अधिकृत कर्मचारी पाहतील. आणि बाहेरच्या कोणी "हा एवढा प्रश्न साहेबांकडून टाकून दे" म्हटले, तर लगेच साहेबांच्या कानावर घाला.

कोरा_कागद

बऱ्याच दिवसांनी येतेय. बऱ्याच ठिकाणी पत्रं पाठवली, बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका आमदारांच्या पीएंचा फोन आला. पहिला प्रश्न : "मराठी टायपिंग येतं का? युनिकोडमध्ये?" दुसरा : "पत्राला जोडलेला वसतिगृहाचा प्रश्न तुम्हीच लिहिलाय का?" मी म्हटलं विषय माझा, मांडणी एका निवृत्त अधिकाऱ्यांनी शिकवलेली. ते हसले आणि म्हणाले, या सोमवारपासून. प्रवासखर्च मिळतो. (हिवाळीताई, मागितला!)

काम संमिश्र आहे. दोन दिवस नुसती पत्रांची नोंदवही भरली. मग पुरवणी मागण्यांवरच्या (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चाच्या) भाषणाचे मुद्दे काढायला दिले. पुस्तिका हातात घेतल्यावर कळलं की प्रत्येक मागणीखाली लिहिलेलं स्पष्टीकरण वाचलं तर अर्धं भाषण तिथेच आहे. पीए काकांना सगळ्या मंत्र्यांच्या कार्यालयातली माणसं नावानिशी माहीत आहेत. त्यांच्याशी जमवून घेतलं नाही तर इथे पान हलत नाही.

आता मुद्द्याचं. वसतिगृहाचा प्रश्न स्वीकृत झाला, तोंडी उत्तरापर्यंत पोचला नाही, पण लेखी उत्तर आलंय :

(१) हे अंशतः खरे आहे.
(२) माहिती सोबतच्या विवरणपत्रात.
(३) रिक्त पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे.
(४) प्रश्न उद्भवत नाही.

विवरणपत्रात आकडे आहेत, पण दोन वसतिगृहांचा उल्लेखच नाही. साहेब म्हणाले पुढचं तू सुचव. काका, आता काय करू?

फाईलबंद

अभिनंदन. "अंशतः" मिळाले म्हणजे दार किलकिले झाले. त्यातला कोणता अंश खरा नाही, हे त्यांनी सांगितलेले नाही, तो पहिला मुद्दा. गाळलेली दोन वसतिगृहे नावानिशी लिहा आणि त्यांच्यापुरता वेगळा अतारांकित प्रश्न तयार करा. "कार्यवाही सुरू आहे" यावर मागणीपत्र कोणत्या तारखेला पाठवले, कोणाकडे पाठवले आणि सध्या प्रस्ताव कोणत्या स्तरावर प्रलंबित आहे, हे विचारा. मंत्र्यांनी सभागृहात "भरू" म्हटले असेल तर कामकाजाच्या छापील वृत्तातून ते वाक्य काढून आश्वासन समितीकडे (मंत्र्यांनी दिलेली आश्वासने पाळली का हे पाहणारी समिती) पाठवता येते, पण इथे उत्तर लेखी आहे, तेव्हा आधी प्रश्नच.

दरम्यान त्या दोन वसतिगृहांना साहेबांची भेट ठरवा. तुम्हीही सोबत जा, आणि हजेरीपटावर गृहपालांची सही कोणत्या तारखांना आहे ते पाहून या.

कोरा_कागद

गुरुवारी जायचं ठरलंय. पीए काकांनी गाडीत जागा ठेवलीय.